नामंजुरीच्या कागदापुढे : अपील की नवा अर्ज?

(संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त मूर्तिजापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



दिव्यांगांच्या हक्कांवर बोलायला बसले तर एक व्याख्यानमाला पुरणार नाही. म्हणून मी आज एकाच कागदाविषयी बोलणार आहे. तो कागद म्हणजे नामंजुरीचा. अकोल्याच्या बोर्डाने ‘चाळीस टक्के भरत नाहीत’ असे सांगितले, किंवा तहसिलातून ‘संजय गांधीचा पगार तुम्हाला बसत नाही’ असे कळले, की त्या घराने पुढे काय करायचे? त्या निर्णयावर अपील करायचे, की सारे विसरून नवा अर्ज भरायचा?

आपल्याकडे याचे उत्तर जवळजवळ ठरलेले आहे. सेतू केंद्रावर, रुग्णालयाच्या ओसरीवर, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एकच सल्ला मिळतो : ‘जाऊ द्या ना बाप्पा, साहेबाशी कायले भांडता? नवा फॉर्म भरून टाकू.’ हा सल्ला देणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण अनेकदा तो माणसाचा हक्क बुडवतो, आणि का बुडवतो ते मला आज सांगायचे आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो त्यांचे बालपण आपल्याच तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी गेले. न वाचता आलेल्या कागदांपायी मामाची शेती सावकाराच्या ताब्यात गेली आणि पुढे तरुण देबू सावकाराच्या माणसांसमोर शेतात पाय रोवून उभा राहिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हाच देबू पुढे गाडगेबाबा झाला. अक्षरांशी ओळख नसलेल्या या माणसाने नाशिकला, पंढरपूरला धर्मशाळा उभ्या केल्या, तेव्हा त्यांचे व्यवहार विश्वस्तांच्या हाती देऊन कागद पक्के करून घेतले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली, तीही रीतसर. अंध, पांगळे आणि रोगी यांची सेवा बाबांनी आयुष्यभर केली. गरिबाचे नशीब कागदावर ठरते हे त्यांनी दापुऱ्यातच पाहिले होते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दिव्यांगाला मदत मिळण्यासाठी दोन वेगवेगळ्या टेबलांवर निर्णय होतात. पहिले टेबल डॉक्टरांचे. तिथे दिव्यांगत्व आहे का आणि किती टक्के, हे ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, नव्या कायद्यात एकवीस आहेत. त्यात आपल्या विदर्भात घरोघर ठाऊक असलेला सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, पार्किन्सन आहे, आम्लहल्ल्यात पोळलेल्या व्यक्ती आहेत. बहुतेक योजनांसाठी किमान चाळीस टक्के लागतात. दुसरे टेबल महसूल खात्याचे. तिथे उत्पन्न, वय, महाराष्ट्रातला पंधरा वर्षांचा रहिवास हे पाहून ‘पगार’ मंजूर किंवा नामंजूर होतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून, अंतुले मुख्यमंत्री असतानापासून, चालू आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५०० झाली. त्या वर्षीच्या जून महिन्यात बच्चू कडूंनी गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग केला तेव्हा दिव्यांगांना ६,००० रुपये द्या, ही त्यांची एक मागणी होती. रकमेबद्दल मते वेगळी असतील. पण जी रक्कम ठरलेली आहे ती मिळण्याच्या वाटेवरच माणसे अडतात, आणि ही अडचण आपल्या हातात येण्याजोगी आहे.

म्हणून नामंजुरी हाती आली की पहिला प्रश्न हा विचारा : हा निर्णय कोणत्या टेबलावरचा आहे? इथे फार जणांची गल्लत होते. समजा, एका बाईला तीस टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले. २०२४ च्या सुधारित नियमांनी चाळीसच्या आतल्यांना पांढरे कार्ड मिळते, चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान पिवळे आणि ऐंशी व वर निळे. तिच्या हातात पांढरे कार्ड आले. कार्ड आले म्हणजे काम झाले, असे समजून ती तहसिलात गेली आणि तिथे अर्ज फेटाळला गेला. आता ती तहसिलातल्या कारकुनाशी कितीही भांडली तरी उपयोग नाही. त्याने नियमच पाळला आहे. तिचे गाऱ्हाणे टक्केवारीबद्दल आहे आणि ती पहिल्या टेबलावर ठरली. दाद मागायची तर तिथल्या निर्णयावर मागावी लागेल.

दुसरा प्रश्न : नामंजुरीचे कारण काय, आणि ते लेखी आहे का? २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे की अर्जदार अपात्र ठरला तर वैद्यकीय प्राधिकाऱ्याने त्याला कारणे लेखी कळवली पाहिजेत. तरीही आपली माणसे तोंडी निरोप घेऊन परततात. ‘मॅडम म्हणाल्या, बसत नाही.’ एवढ्यावर अपीलही होत नाही आणि शहाणपणाने नवा अर्जही भरता येत नाही, कारण काय दुरुस्त करायचे तेच कळलेले नसते. त्यामुळे नामंजुरीनंतर सगळ्यात आधी करायचे काम एकच : कारण लेखी मागणे, त्यावर तारीख घेणे, आणि या निर्णयावर अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचे हेही लिहून मागणे. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आवक विभागाचा शिक्का असलेली पोच जपून ठेवा. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात बोर्डाच्या नोंदी, तपासण्या आणि टिपणांच्या प्रती मागता येतात. त्यासाठी तीस दिवसांची मुदत कायद्याने बांधलेली आहे.

कारण हाती आले की ते तीनपैकी कोणत्या जातीचे आहे ते पाहायचे. कागद कमी पडला, परिस्थिती निकषात बसली नाही, की निर्णयच चुकला?

कागद कमी पडला असेल तर नवा अर्ज किंवा त्रुटीची पूर्तता हीच सरळ वाट. उत्पन्नाचा दाखला जुना होता, आधारवरचे नाव आणि टीसीवरचे नाव जुळत नव्हते, रहिवासाचा पुरावा नव्हता, अशा वेळी अपील करून काय साधणार? अपिलाचा अधिकारी तीच फाइल पाहील आणि तोच निर्णय देईल. पण इथेही एक पोटभेद आहे. दाखलाच मिळत नसेल, तहसिलात महिनोन्महिने अडकला असेल, तर त्या दाखल्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अपील करता येते. त्याची पायरी वेगळी, मुदत वेगळी, आणि शेवटी प्रकरण लोकसेवा हक्क आयोगाकडे जाऊ शकते. आपल्या विभागाचे आयुक्त अमरावतीला बसतात. म्हणजे ‘पगारा’चा अर्ज नव्याने भरायचा असला तरी दाखल्याच्या विलंबावर अपील करायचे असू शकते.

परिस्थिती बदलली असेल तरीही नवा अर्जच करायचा. मधुमेहाने पहिल्यांदा पायाचे बोट गेले, तेव्हा टक्के कमी भरले, पुढे पाऊलच काढावे लागले. सिकलसेलच्या मुलाच्या खुब्याचे हाड झिजत गेले. ज्या दिवशी बोर्डाने तपासले त्या दिवशी त्याचा निर्णय बरोबर होता. आज शरीर वेगळे आहे, म्हणून आज नवी तपासणी हवी. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर तेही याच गटात. कायदा बदलला असेल तरीही तसेच. २०१७ च्या आधी ‘तुमचा आजार यादीत नाही’ म्हणून परत पाठवलेल्या कितीतरी जणांचा आजार आता त्या एकवीस प्रकारांत आहे. त्यांना जुन्या निर्णयावर भांडण्याची गरज नाही. नवा अर्ज भरा, नव्या कायद्यावर बोट ठेवा.

आणि निर्णयच चुकला असेल तर? तिथे मात्र अपील. कायद्याचे कलम ५९ हा अधिकार देते. प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या निर्णयाने जो नाराज आहे तो राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे, ठरलेल्या मुदतीत, दाद मागू शकतो.

हा फरक मी एका हिशेबाने समजावून सांगतो. समजा, एका शेतमजुराच्या पायात पोलिओचा अधूपणा आहे आणि कानालाही कमी ऐकू येते. पायाचे तीस टक्के, कानाचे तीस टक्के. दोन्ही वेगवेगळे पाहिले तर एकही चाळीसला पोहोचत नाही. पण एकाहून अधिक दिव्यांगत्वे असली की ती एकत्र मोजण्याचे सूत्र मार्गदर्शक तत्त्वांत दिलेले आहे. नुसती बेरीज करायची नसते. मोठ्या आकड्यात, नव्वदमधून तो मोठा आकडा वजा करून त्या प्रमाणात दुसरा आकडा मिळवायचा. इथे नव्वदमधून तीस गेले, उरले साठ. तीसला साठाने गुणून नव्वदने भागले की येतात वीस. तीस आणि वीस मिळून पन्नास. म्हणजे हा माणूस पन्नास टक्के दिव्यांग आहे, आणि त्याच्या हाती मात्र तीस टक्क्यांचा कागद पडला.

आता तो काय करील? हे त्याच्या अर्जावर अवलंबून आहे. त्याने अर्जात कानाचा उल्लेखच केला नसेल, कानाची तपासणी झालीच नसेल, तर बोर्डाची चूक नाही. कानाचा अहवाल जोडून त्याने नवा अर्ज करावा. पण अर्जात कान आणि पाय दोन्ही होते, कानाचा अहवाल जोडलेला होता, आणि बोर्डाने फक्त पाय मोजला, तर तो निर्णय चुकीचा आहे. त्यावर अपील झाले पाहिजे. माणूस तोच, दुखणे तेच, टक्केही तेच. वाट ठरते ती पहिल्या अर्जात काय लिहिले होते त्यावर. म्हणून मी म्हणतो, अर्जाची झेरॉक्स घरी ठेवा. ती नसेल तर कोणताही वकील तुम्हाला नेमका सल्ला देऊ शकणार नाही.

हा भेद जुन्या कायद्यांनीही ओळखला होता. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यात वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावर अपिलासाठी एक कलम होते आणि पुनर्विलोकनासाठी दुसरे. अपील निर्णय चुकला म्हणून. पुनर्विलोकन नवा पुरावा आला किंवा इजा वाढली म्हणून. अमेरिकेत तर हा प्रश्न फार कडक आहे. तिथे अपंगत्वाचा दावा फेटाळला की साधारण साठ दिवसांत दाद मागावी लागते, आणि त्याऐवजी नवा दावा केला तर पहिल्या दाव्याची तारीख व तिच्याबरोबरची थकबाकी हातची जाऊ शकते. २०११ पासून एकाच प्रकारच्या लाभासाठी अपील आणि नवा दावा एकाच वेळी चालवता येत नाही. माणसाला निवड करावीच लागते.

तारखेचा हा मुद्दा आपल्याकडेही लागू आहे. नवा अर्ज म्हणजे नवी तारीख, नवी रांग, पुन्हा अकोल्याची फेरी, पुन्हा सोबत येणाऱ्याची मजुरी बुडणे. दरमहा २,५०० रुपयांच्या हिशेबाने सहा महिने उशीर म्हणजे १५,००० रुपये. ज्या घरात सोंगणीच्या दिवसांतच रोकड दिसते त्या घरासाठी ही मोठी रक्कम आहे. शिवाय २०२४ च्या नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्याची तीन महिने केली, आणि दोन वर्षांहून अधिक काळ निकाली न निघालेला अर्ज निष्क्रिय होऊन पुन्हा भरावा लागतो अशी तरतूद आली. म्हणून स्वस्थ बसून वाट पाहणेही आता परवडणारे नाही.

पण मला यापेक्षाही महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. चुकीच्या निर्णयावर आपण नवा अर्ज भरतो तेव्हा चूक झाल्याची नोंद कुठेच राहत नाही. फाइल बंद होते. उद्या त्याच टेबलावर दुसऱ्या गावचा माणूस येतो आणि त्याच्या बाबतीत तीच चूक होते, कारण पहिल्या वेळी तिच्यावर कोणी बोट ठेवले नाही. अपील झाले की वरच्या प्राधिकाऱ्याला कारण लिहावे लागते, आणि खालच्याला ते वाचावे लागते. एका माणसाच्या अपिलाने पुढच्या दहा जणांची तपासणी नीट होते.

याचे अगदी अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. बोलण्याच्या दिव्यांगत्वाचे चाळीसहून अधिक टक्के भरले म्हणून आपल्या राज्यातला एक विद्यार्थी एमबीबीएसला अपात्र ठरला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरण्याचा सल्ला त्याला मिळाला असता, तर पुढच्या वर्षीही तोच नियम आडवा आला असता. त्याने निर्णयालाच आव्हान दिले. उच्च न्यायालयात तातडीचा दिलासा मिळाला नाही, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने त्याची नव्याने तपासणी करवली. त्याच्या दिव्यांगत्वाने वैद्यकीय शिक्षणात अडथळा येणार नाही, असा अहवाल आला आणि प्रवेश मिळाला. १५ ऑक्टोबर २०२४ च्या सविस्तर निकालात, ज्या पीठाच्या अग्रस्थानी आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते, न्यायालयाने सांगितले की नुसत्या टक्केवारीवर कोणाला बाद करता येणार नाही. मंडळाने माणूस प्रत्यक्ष काय करू शकतो ते पाहावे, अपात्र ठरवले तर कारणे नोंदवावीत, आणि अपिलाची यंत्रणा उभी होईपर्यंत अशा प्रतिकूल मतांना न्यायालयात आव्हान देता येईल. तो निकाल प्रवेशासाठीच्या मंडळांपुरता आहे. पण कारण दिल्याशिवाय माणसाला दारातून परत पाठवू नये, हे तत्त्व कोणत्याही बोर्डाला लागू पडावे असे आहे.

तुमच्यापैकी कोणी विचारेल, अपिलात धोका नाही का? आहे. पुन्हा तपासणी होते आणि टक्के वाढतीलच असे नाही. खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणे २०२४ नंतर गाजली, तेव्हापासून तपासणी अधिक काटेकोर झाली आहे, आणि खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. ते योग्यही आहे. पण खऱ्या दिव्यांगाने या संशयाच्या वातावरणाला घाबरून आपला हक्क सोडू नये. ज्याचे दुखणे खरे आहे आणि कागद पूर्ण आहेत त्याला काटेकोर तपासणीची भीती नसते. भीती असते ती अर्धवट तपासणीची, आणि तिच्यावरच तर अपील करायचे असते.

दुसरा प्रश्न पैशाचा. वकील कुठून आणायचा? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिव्यांग व्यक्तीला मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्न किती हे पाहिले जात नाही. तालुका विधी सेवा समिती आपल्या मूर्तिजापूरच्या न्यायालयातच आहे. राष्ट्रीय पातळीवरचा मदत क्रमांक १५१०० आहे. पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. त्यांच्याकडे तक्रार करता येते आणि चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. सगळे दरवाजे बंद झाले तर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. पण बहुतेकांना तिथवर जावे लागू नये, आणि पहिल्या पायरीवरच कागद नीट असेल तर जावे लागणारही नाही.

या भागाला दिव्यांगसेवेची मोठी परंपरा आहे. अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले, तेव्हा कुष्ठरोग्याला घरात कोणी घेत नव्हते. आज बरा झालेला कुष्ठरुग्ण कायद्याच्या यादीत हक्कदार म्हणून नोंदला आहे. वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या मूकबधिर आणि मतिमंद लेकरांना आपले नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही माणसे आपल्या मातीतली आहेत. त्यांनी जे केले त्यासाठी अख्खे आयुष्य द्यावे लागते. मी तुमच्याकडे मागतो आहे ते त्याहून फार थोडे आहे.

प्रत्येक गावात दोन-तीन शिकलेल्या मुला-मुलींनी नामंजुरीचे कागद वाचायला शिकावे. निर्णय कोणत्या टेबलावरचा, कारण कोणते, तारीख कोणती, या तीन गोष्टी त्या कागदातून काढता आल्या की अर्धे काम झाले. कारण लेखी नसेल तर ते मागणारा अर्ज त्यांनी लिहून द्यावा. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बोर्डासाठी अकोल्याला जाण्यायेण्याची सोय त्यातून व्हावी, असा ठराव ग्रामसभेत मांडा. आणि प्रशासनाकडे आपण सगळ्यांनी मिळून एकच मागणी करू या : नामंजुरीचे प्रत्येक पत्र मराठीत असावे, आणि त्यावर कारण, अपील कोणाकडे आणि मुदत किती, या तीन ओळी छापलेल्याच असाव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. एक परिपत्रक पुरे.

तोवर, ज्याच्या घरी असा कागद पडला आहे त्याने आज रात्री तो शोधून काढावा आणि त्यावरची तारीख पाहावी. अपिलाची मुदत उरली असेल तर उद्या सकाळी तालुका विधी सेवा समितीत जावे. नवा अर्ज भरायचा की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.